तुंगाक्काचा अडकित्ता

"मॅडम, हे हत्यार आहे," कुरिअरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला. त्यानं अडकित्ता दोन बोटांत उचलला आणि मेलेल्या उंदरासारखा माझ्यासमोर काउंटरवर ठेवला.

"अहो, सुपारी कातरायचा अडकित्ता आहे तो. तुमच्या घरी नव्हता का कधी?"

"होता की. आजीचा."

"मग?"

"आजी विमानानं जात नव्हती."

रांगेतले दोघंतिघं हसले. शमशाद हसली नाही. आदली सगळी दुपार तिनं त्या एका खोक्यावर घालवली होती. तिच्या भावाचा मिरजेत सतारींचा कारखाना. सतार परगावी धाडताना भोपळ्याभोवती जसा भुसा आणि चिंध्या कोंबतात, तसाच बंदोबस्त तिनं त्या वीतभर अडकित्त्याचा केला होता. कुरिअरवाल्यानं तो सगळा ब्लेडनं उभा फाडला होता आणि भुसा काउंटरभर सांडला होता.

"रस्त्यानं जाणारी गाडी नाही का?" तिनं विचारलं.

"आहे. पण नागपूर म्हणजे आठवडा धरा. आणि तुटलं-फुटलं तर आमच्याकडे यायचं नाही."

"पितळ आहे. तुटत नाही," शमशाद म्हणाली आणि भुसा ओंजळीनं गोळा करू लागली.

ही दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा पतसंस्थेतली नोकरी सोडून घरी बसले होते आणि शमशाद तलाक होऊन भावाकडे परत आली होती. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. दोघींनी मिळून इंटरनेटवर दुकान काढलं आणि नाव ठेवलं 'पानपुडा'. पानाच्या संसारातल्या जुन्या वस्तू विकायचो: पितळी डबे, चुनाळी, पिकदाण्या आणि अडकित्ते. जमवणारे हौशी लोक कुठंकुठं असतात. इंदूर, बडोदा, एकदा तर गुवाहाटीहून मागणी आली. शमशाद एसटीनं गावोगाव हिंडायची, माजघरातल्या बायकांशी गप्पा मारायची आणि फडताळाच्या मागं पडलेलं काहीबाही घेऊन यायची. आमच्याकडे भांडवल नव्हतं. त्यामुळं वस्तू विकली गेली की पैसे, अशी बोली. बायका विश्वासावर द्यायच्या. भावाच्या घरात शमशादचं स्वतःचं म्हणावं असं काही होतं, तर ते हे दुकान.

तुंगाक्का तिला जत तालुक्यातल्या एका गावात भेटली. दुसऱ्या खेपेला मीही बरोबर गेले. घर दगडी, दारात ट्रॅक्टर, ओसरीवर टीव्ही चालू. पण तुंगाक्का राहायची मागं गोठ्यात. दोन म्हशींच्या पलीकडं पत्र्याचा आडोसा केला होता. त्यात एक बाज, एक कळशी आणि दोरीवर एक लुगडं. ठेंगणी, गोरी म्हातारी. कपाळभर विभूती. आणि आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढं वाकावं लागायचं.

"या गं माझ्या बायांनो. उन्हाचं आलासा. पानी घ्या."

आम्ही बसलो तेवढ्यात सून आली. तिनं भाकरी आणली होती, ताटात नाही, हातात. बाजेवर टाकली आणि आमच्याकडं न बघता गेली. भाकरीबरोबर काहीच नव्हतं.

"आधी म्हशीला पेंड, मागनं मला," तुंगाक्का हसून म्हणाली. "तिचं काय चुकत न्हाई. म्हैस दूध देती."

तिनं बाजेखालून एक चिंधी काढली आणि सोडली. असा अडकित्ता मी तोवर पाहिला नव्हता. दोन मुठी म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, पितळेत ओतलेले. पातं मिटलं की दोघांची तोंडं एकमेकांना भिडायची आणि मधलं बारीक घुंगरू वाजायचं. बाईच्या नाकात नथीच्या जागी लाल मणी बसवला होता.

"माझ्या सासूचा ह्यो. तिला तिच्या सासूनं दिल्याला. आता मला दात न्हाईत, आन् सुनंला द्यावा अशी सून न्हाई. इकून टाका."

"पैशांचं काय करणार, आक्का?" शमशादनं विचारलं.

"मठात एक खोली पडून हाय. स्वामी म्हनलं, तुंगाक्का, छप्पर घालून दे, मरेपतूर ऱ्हा. छपरापुरतं झालं म्हंजी बास."

"लेक नाही का तुम्हाला?"

"हुती. गेली." तिनं हातानं माशी उडवल्यासारखं केलं. आम्ही पुढं विचारलं नाही.

परत येताना एसटीत शमशाद बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "स्वरूपा, ह्याच्यात आपण एक पैसा घ्यायचा नाही. सगळं तिला."

मी हो म्हटलं.

फोटो टाकल्यावर दोनच दिवसांत मागणी आली. एम. वानखेडे, नागपूर. सगळी रक्कम ऑनलाइन भरली होती. असे पैसे आधी मधल्या एका कंपनीकडे जमा व्हायचे आणि माल पोचला की आठवड्याभरानं आमच्या खात्यात यायचे. कुरिअरची ती भानगड झाली, तरी खोकं नागपूरला पोचलं. पोचल्याची सही आली. शमशादनं तुंगाक्काच्या शेजारणीला फोन लावून निरोप दिला: येत्या आठवड्यात पैसे घेऊन येतो.

आठवड्यानं पैशांऐवजी एक मेल आला. नागपूरच्या गिऱ्हाइकानं बँकेकडे तक्रार केली होती: 'ही वस्तू माझ्या घरची आहे. विकणाऱ्यांना ती विकण्याचा हक्क नव्हता.' बँकेनं पैसे परत ओढून घेतले होते. एवढ्यावर थांबलं असतं तर सोसलं असतं. पण तक्रार तपासताना कंपनीतल्या कुणीतरी आमचं इंटरनेटवरचं पान उघडलं, अडकित्त्यांचे फोटो पाहिले आणि आमचं सगळं खातंच गोठवलं. त्या खात्यात आणखी कितीतरी बायकांचे पैसे होते.

मी हेल्पलाइनला फोन केला. पलीकडे एक लहान वयाची मुलगी होती, मराठी बोलणारी, हैदराबादेत की कुठं बसलेली.

"मॅम, तुमच्या दुकानात धारदार शस्त्रं विकली जातात असं दिसतंय."

"ते अडकित्ते आहेत हो."

"म्हणजे काय मॅम?"

"त्यानं सुपारी फोडतात."

तिनं काहीतरी टाइप केल्याचा खडखडाट ऐकू आला. मग हळूच म्हणाली, "मॅम, सुपारी हा शब्दसुद्धा तुमच्या पेजवर खूप वेळा आलाय. तेही नोंदवलंय आमच्या टीमनं."

फोन स्पीकरवर होता. शमशाद त्या दिवशी पोट धरून हसली. ते आमचं शेवटचं हसणं.

पुढं अर्जांवर अर्ज केले. प्रत्येक अर्जाला एकच उत्तर यायचं: तपासणी चालू आहे, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. नागपूरच्या नंबरवर फोन केला की वाजून वाजून बंद व्हायचा. पावसाळा गेला, दसरा गेला. कवठ्याच्या एका बाईचा पानाचा डबा आम्ही विकला होता. ती एक दिवस येऊन शमशादच्या भावाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांसमोर मांडी घालून बसली आणि "चोरट्या बायका" म्हणून ओरडू लागली. शमशादनं कानातलं मोडून तिचे पैसे दिले. आणखी एकीचे दिले. मग मोडायला काही राहिलं नाही. भाऊ तिला म्हणाला, "हे सरलं की बंद. माझ्या दारात पुन्हा हा तमाशा नको."

पण ह्या सगळ्यांपेक्षा जड जायचा तो तुंगाक्काचा फोन. शेजारणीच्या मोबाइलवरून रोज संध्याकाळी यायचा. ती कधी चिडली नाही.

"आलं का गं बाय पैसं?"

"नाही आक्का, अजून नाही."

"ऱ्हाऊ दे. येतील. तू जेवलीस का?"

फोन ठेवला की शमशाद ओढणीनं डोळे पुसायची. "थंडी पडली, स्वरूपा. ती त्या पत्र्याखाली आहे."

एका दुपारी मी त्या नागपूरच्या नंबरवर लांबलचक संदेश धाडला. म्हटलं, तुम्ही ज्याला फसवलंत ते दुकान नाही, ती एक म्हातारी आहे. गोठ्यात राहते. तासाभरात उत्तर आलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

'बोलायचं असेल तर घरी या. फोनवर नाही.'

शमशाद पोलिसांत जायचं म्हणत होती. मी नागपूरची गाडी पकडली.

पत्त्यावर एक छोटं दुकान होतं. 'महानंदा ब्लाऊज सेंटर' अशी पाटी. आत एक चाळिशीची बाई मशीनवर बसली होती. शेजारच्या टेबलावर अस्तराचं कापड पसरलेलं होतं आणि ते उडू नये म्हणून वजनासारखा वर ठेवला होता तोच अडकित्ता.

"मिरजेहून आलात ना? या, बसा. चहा घेता का?"

बोलणं नागपूरकडचं, सावकाश. मी बराच राग गोळा करून आले होते. तो कुठं ठेवावा कळेना. तिनं चहा मागवला, मशीनवरचं काम बाजूला सारलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसली.

"सांगा."

मी सांगितलं. आमचं दुकान, गोठलेलं खातं, कवठ्याची बाई, शमशादचं कानातलं. ती ऐकत होती, पण अर्ध्या कानानं. मग मी तुंगाक्काकडं आले आणि ती सावरून बसली.

"गोठ्यात राहते म्हणालात?"

"हो."

"नेमकी कुठं? दारातून गेल्यावर डाव्या हाताला, की मागं विहिरीच्या बाजूला?"

"मागं. म्हशींच्या पलीकडं. पत्र्याचा आडोसा आहे नुसता."

"दिवा आहे?"

"नाही."

"आणि जेवायला?"

मला वाटलं, हिला म्हातारीची दया येतेय. म्हणून मी हात राखला नाही. कोरडी भाकरी सांगितली. सून ती बाजेवर टाकून जाते ते सांगितलं. आधी म्हशीला पेंड, मागून मला, असं म्हातारी हसत म्हणाली ते सांगितलं. जमिनीला ओल असते, रात्री पाय आखडतात, नातू तिच्याजवळ येत नाहीत, त्यांना येऊ देत नाहीत. जे पाहिलं होतं ते सांगितलं आणि शमशादनं पाहिलेलंही सांगितलं.

"रडते का?"

"आमच्यासमोर नाही. पण रोज फोन करून विचारते, पैसे आले का."

"रोज?"

"रोज संध्याकाळी."

बाईनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी ती हसत होती. उन्हातून आलेल्या माणसानं गार पाण्याचा पहिला घोट घ्यावा, तसं तिचं तोंड झालं होतं. मी कप खाली ठेवला.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

तिनं डावा हात टेबलावर, त्या अस्तराच्या कापडावर पसरला. तर्जनी एका पेरानं कमी होती. टोकाला नख नव्हतं, नुसती गुळगुळीत कातडी.

"मी तिची लेक. महानंदा."

"पण त्या म्हणाल्या, लेक गेली."

"गेलेच की. सोळाव्या वर्षी गेले. कुणाबरोबर नाही, एकटीच." तिनं अडकित्ता उचलला, पण उघडला नाही. "नऊवारीवरच्या ब्लाऊजचे गळे पाहत होते मोबाइलवर. मध्येच तुमची जाहिरात आली. नाकातला लाल मणी पाहिला आणि मशीनवर बसल्या जागी मला ओकारी झाली."

बाहेरून एक गिऱ्हाईक आलं. तिनं त्या बाईला उद्या यायला सांगितलं, दार अर्धं ओढून घेतलं आणि परत येऊन बसली.

"आठ वर्षांची असेन. मठात न्यायचं खोबरं ठेवलं होतं आयनं. नैवेद्याचं. त्यातला तुकडा गेला." बोलता बोलता तिची भाषा बदलत गेली, नागपूर मागं पडलं. "मल्लूनं खाल्ल्याला. माझ्या भावानं. पर तो पोरगा. ती मला म्हनली, ये गं माझ्या बाय, हितं बस. मांडीवर घेतलं. कधी घ्यायची न्हाई. तुमी ऐकलाय न्हवं तिचा आवाज?"

मी मान हलवली.

"तसंच इचारलं. कुटल्या बोटानं घेतलंस गं? मी घेतलंच नव्हतं. पर ती एवढ्या मऊ आवाजात इचारत हुती, की मला वाटलं खोटं बोलले तरी चालंल, मांडीवर तर ऱ्हाईन. मी आपलं एक बोट पुढं केलं."

मला कळलं होतं. तरी ती थांबली नाही.

"आदी घुंगरू वाजलं. सुपारीपरास बोट मऊ असतंय. लई जोर लावावा लागला न्हाई तिला."

तिनं अडकित्ता परत कापडावर ठेवला. थोड्या वेळानं ती पुन्हा नागपूरच्या भाषेत आली, जणू पदर सारखा केला.

"गावात सांगितलं, पोरीनं सुपारी कातरताना कापून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच अडकित्त्यानं पाहुण्यांना सुपारी दिली. तो तिनं टाकला नाही, पुसून ठेवला. इतकी वर्षं."

"मग तुम्ही विकत का घेतलात?"

"माझ्याकडे असावा म्हणून. पैसे भरले, आणि मग विचार आला, हे पैसे तिला जाणार. तो मला सोसवला नाही. बँकेत सांगितलं, वस्तू माझ्या घरची आहे. खोटं काय आहे त्यात?"

"आमचा काय दोष होता, ताई? आणि त्या बाकीच्या बायकांचा?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला फक्त तिचे अडकवायचे होते. तुमचे त्यात गेले. त्याचं मला वाईट वाटलं असं सांगितलं, तर ते खोटं होईल."

मी उठले. मला तिथून जायचं होतं. पण ती म्हणाली, "थांबा. तक्रार मागे घेते. उद्या बँकेत जाऊन लिहून देते, पैसेही पुन्हा भरते. मघाशी तुम्ही जे सगळं सांगितलंत ना, त्यानं माझे पैसे वसूल झाले."

मला स्वतःच्या तोंडाची शिसारी आली. त्या म्हातारीच्या हालाचा एकेक दाणा मीच तिच्यापुढं टाकला होता.

"एक काम करा," महानंदा म्हणाली. "पैसे तिच्या हातात द्यायचे. भावजयीच्या नाही, मल्लूच्या नाही. आणि कुणी दिले ते सांगायचं. तुझ्या महानंदानं दिले, तिच्या पैशावर आता तू राहणार, असं. ती काय म्हणते ते मला कळवा. गोड करून नको. जसंच्या तसं."

"त्यानं काय होईल?"

"ते मला कळेल की," ती म्हणाली आणि मशीनकडं वळली.

ती शब्दाला जागली. महिन्याभरात खातं सुटलं. कंपनीनं अट घातली की अडकित्ते ह्यापुढं विकायचे नाहीत. आम्ही ते पानावरून काढून टाकले. बायकांचे पैसे ज्यांचे त्यांना पोचले. शमशादला मी महानंदाचं सगळं सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, आणि मग बराच वेळ एका रिकाम्या खोक्याच्या कडा दाबत बसली.

"खोटं असेल," ती म्हणाली. "आक्का असं करणार नाही."

"तू चल बरोबर. विचार."

"मी नाही विचारणार. तू विचार."

आम्ही गेलो तेव्हा तुंगाक्का गोठ्याच्या दारात उन्हाला बसली होती. वाळली होती. आम्हाला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले, शमशादच्या गालावरून फिरवले आणि कपाळाशी नेऊन बोटं मोडली.

"लई वाळलीस गं माझ्यापायी."

शमशादनं पाकीट तिच्या हातात दिलं. म्हातारीनं ते मोजलं नाही, नुसतं तळहातावर तोललं आणि कमरेला खोचलं. मी खाली बसले, तिच्या समोर.

"आक्का, अडकित्ता कुणी घेतला ठाऊक आहे? तुमच्या महानंदानं."

ती माझ्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर काही हललं नाही. म्हशीनं शेपटी झाडली.

"कुटं असती?"

"नागपूरला. ब्लाऊज शिवते. स्वतःचं दुकान आहे."

"ब्लाऊज शिवती?" तुंगाक्का म्हणाली. "तेवढ्या बोटानं?"

मी बोटाचं काही बोललेच नव्हते. शमशाद माझ्या मागं उभी होती. तिनं एकदम श्वास ओढलेला मला ऐकू आला.

"आक्का," मी म्हटलं, "ते खोबरं तिनं खाल्लं नव्हतं. मल्लूनं खाल्लं होतं."

"ठावं हाय मला."

"ठाऊक होतं?"

"पोराच्या तोंडाला वास यायचा की खोबऱ्याचा." ती नेहमीच्याच मऊ आवाजात बोलत होती, अंगाई म्हणावी तशी. "पर बाय, पोरीला वळण लावावं लागतंय. दुसऱ्याच्या घरला जायची असती ती. बघ की, कुणाच्या आधाराबिगर दुकान काडलं तिनं. मल्लूला वळण लावलं न्हाई, तर मी हितं बसले."

शमशाद वळून बाहेर ट्रॅक्टरपाशी जाऊन उभी राहिली. मी उठणार, तेवढ्यात म्हातारीनं माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"चांगलं चालतंय म्हन की तिचं. पैसं हाईत तिच्याकडं."

"आहेत."

"मग थांब." ती आत गेली आणि बाजेखालची पेटी ओढून खाली वाकली. आली ती हातात एक काळवंडलेली पितळी साखळी घेऊन. लांब, जड, मधल्या कड्यांना मोर. "पाळण्याची हाय. तिच्याच पाळण्याची. मल्लूला वेगळी केल्याली, चांदीच्या कडीची. ही तिची. घेईल का इचार."

"विकत?"

"फुकाट कशी देऊ बाय? छपराचं भागलं, दार ऱ्हायलंय खोलीचं."

तिनं किंमत सांगितली आणि साखळी माझ्या पिशवीत घातली.

एसटीत शमशाद पुढच्या बाकावर एकटीच बसली. मिरजेत उतरल्यावर म्हणाली, "मला त्या बाईचा फोन आला तर मी उचलणार नाही." पण तुंगाक्काचा फोन पुन्हा आला नाही. मठातल्या खोलीवर छप्पर बसलं, ती तिथं राहायला गेली, असं पुढं कळलं. मठात येणाऱ्या बायका तिच्या पाया पडत. तिच्याइतकं मायेनं बोलणारं माणूस त्या गावात दुसरं नव्हतं, असंही कुणीतरी सांगितलं.

नागपूरला फोन करायचं मी बरेच दिवस टाळलं. शेवटी तिनंच केला. मागं मशीनची घरघर ऐकू येत होती.

"दिले पैसे?"

"दिले."

"माझं नाव सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाली?"

गोड करून सांगायला मला पुष्कळ जागा होती. रडली म्हणता आलं असतं. पण तिला कबूल केलं होतं, म्हणून जसंच्या तसं सांगितलं. 'तेवढ्या बोटानं' सांगितलं. खोबऱ्याचा वास सांगितला. वळण सांगितलं. मशीन कधी थांबलं ते मला कळलं नाही.

"आणि?" ती म्हणाली.

"आणि एक साखळी दिली आहे. पाळण्याची. तुमच्या. विकायला."

मी दोनदा हॅलो म्हटलं. फोन तुटला असं वाटून ठेवणारच होते.

"मोर आहेत का मध्ये?" महानंदानं विचारलं.

"आहेत."

"किती म्हणते?"

मी आकडा सांगितला. तिनं घासाघीस केली नाही.